विडीचं पासबुक आणि घराची किल्ली



सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कुंभारी गाव येतं. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं हे गाव. तिथं एकसारख्या घरांच्या ओळीच ओळी दिसतात. ही वसाहत म्हणजे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची विडी कामगार स्त्रियांची वसाहत. दहा हजार घरं! २००६ साली तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगार बायांच्या स्वाधीन झाली. माजी आमदार नरसय्या आडम आणि त्यांच्या संघटनेनं त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली. पुढं याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी रे नगर उभं राहिलं. त्याची योजना तीस हजार घरांची; त्यांतली पंधरा हजार घरं जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते देण्यात आली.

आता तुम्ही म्हणाल, घरांची गोष्ट आम्हाला ठाऊक आहे. त्यात नवीन काय? मला आज घरांविषयी बोलायचं नाही. त्या घरांच्या मागं जी एक यादी होती, तिच्याविषयी बोलायचं आहे. विडी कामगार बाईला घर द्यायचं, तर ही बाई खरोखर विडी कामगार आहे हे कशावरून ठरवायचं? ती तर आपल्या घरी बसून विड्या वळते. कारखान्याच्या भोंग्याला ती आत जात नाही, की हजेरीपटावर सही करीत नाही. मग तिच्या कामाला साक्षीदार कोण? साक्षीदार एकच : कागद. तिचं पासबुक, तिचं ओळखपत्र आणि कारखान्याच्या वहीतलं तिचं नाव.

मोठमोठे उद्योगधंदे आज ज्याला 'माहिती प्रणाली' म्हणतात, ती या पासबुकाचीच थोरली बहीण आहे. नाव ऐकून दचकू नका. आपण विडीच्या पासबुकापासून सुरुवात करू.

विडीचा व्यवहार असा चालतो. बाई सकाळी कारखान्याच्या शाखेत जाते. तिथं तिला तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा मोजून मिळतो. घरी येऊन ती पानं भिजवते, कापते, तंबाखू भरून विडी वळते, जुड्या बांधते आणि दुसऱ्या दिवशी माल घेऊन पुन्हा शाखेत जाते. तिथं माल तपासतात, काही विड्या खराब म्हणून बाजूला काढतात, उरलेल्यांची नोंद करतात आणि नवीन पानं-तंबाखू देतात.

म्हणजे रोजच्या नोंदीत किती गोष्टी आल्या? दिलेलं पान, दिलेली तंबाखू, आणलेल्या विड्या, नाकारलेल्या विड्या आणि देणं झालेली मजुरी. पाचच आकडे. पण ते एकमेकांशी बांधलेले आहेत. हिशेबाला सोपं म्हणून हजार विड्यांना दोनशे ग्रॅम तंबाखू धरू. दोनशे ग्रॅम दिली आणि हजार विड्या आल्या, तर हिशेब जुळला. नऊशे तीसच आल्या, तर कुठंतरी विचारायला हवं. तंबाखू कमी मोजली गेली का? पान फाटकं होतं का? की विडीत भर जास्त पडली? आकडा स्वतः उत्तर देत नाही. पण प्रश्न कुठं विचारायचा, ते बोटानं दाखवतो. माहितीचं पहिलं काम हेच.

तिचं दुसरं काम म्हणजे पुढची तजवीज. समजा, एका शाखेत पाचशे बाया काम करतात आणि प्रत्येकजण दिवसाला सरासरी आठशे विड्या आणते. म्हणजे रोजच्या चार लाख विड्या झाल्या, आणि आपल्या हिशेबानं रोज ऐंशी किलो तंबाखू लागली. कोठारात चारशे किलो शिल्लक असेल तर ती पाच दिवस पुरेल. मालाची गाडी यायला तीन दिवस लागत असतील, तर मागणी फार तर दोन दिवस लांबवता येईल. तिसरा दिवस उजाडला, की समजावं, पुढं पाचशे चुली एक दिवस थंड राहणार. शाखेचा कारकून हे रोज पाहत असेल, तर काम अडत नाही. तो आठवड्यातून एकदाच वही उघडत असेल, तर बाया रिकाम्या हातानं परततात, आणि त्या दिवसाची मजुरी बुडते ती त्यांची. वहीतली ढिलाई अशी दुसऱ्याच्या ताटात उतरते.

याच नोंदी पुढं वर चढत जातात. रोजच्या नोंदींची बेरीज झाली की मजुरी ठरते. मजुरीवरून भविष्य निर्वाह निधीची, म्हणजे फंडाची, कपात ठरते. वर्षांची बेरीज झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क उभा राहतो. तळातला एक आकडा गळला, तर वरच्या सगळ्या बेरजा लंगड्या होतात.

इथं एक इतिहास सांगायला हवा. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. माल देण्यावरून आणि विड्या नाकारण्यावरून होणारे तंटे सोडवायची सोय त्यात होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितांनी त्या कायद्याची जागा घेतली. फंडाची योजना विडी उद्योगाला लागू झाली १९७७ साली. तेव्हा काही मालक न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं असं, की या बाया आपापल्या घरी बसून काम करतात. त्यांच्यावर आमची देखरेख नाही. मग त्या आमच्या कामगार कशा? सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली हे म्हणणं अमान्य केलं. न्यायालयाचं बोलणं साध्या शब्दांत असं : खराब विड्या नाकारण्याचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचाच कामावर ताबा आहे. घरी बसून विड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे.

यातली मौज पाहा. विड्या नाकारल्या म्हणून ज्या रकान्यानं बाईची मजुरी कापली जात होती, त्याच रकान्याच्या मागं असलेला अधिकार तिच्या हक्काचा आधार ठरला. एखादी नोंद कोणत्या दिवशी कोणाच्या उपयोगी पडेल, ते ती लिहिताना कळत नाही. म्हणून ती खरी आणि पुरी लिहावी, हेच बरं.

आता यंत्रांकडे वळू. सोलापूरची चादर तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिच्यावरची नक्षी मागावर कशी उतरते, ते कधी पाहिलंत का? मागाच्या वर जकार्ड नावाचं यंत्र बसवतात आणि भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्यातून फिरत राहते. जिथं भोक असेल तिथं ताण्याचा धागा उचलला जातो; नसेल तिथं धागा खालीच राहतो. फ्रान्समधल्या जकार्ड नावाच्या कारागिरानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र सिद्ध केलं. पुढं अमेरिकेत हॉलरिथ नावाच्या गृहस्थानं १८९० च्या खानेसुमारीत भोकांच्या पत्त्यांवर माणसांची माहिती नोंदवून ती यंत्रानं मोजली. त्याच्या धंद्यातून वाढत वाढत आय.बी.एम. ही प्रसिद्ध कंपनी झाली. म्हणजे मागावरचा पुठ्ठा आणि कचेरीतला संगणक यांचं नातं तुम्हाला वाटतं तितकं दूरचं नाही.

धंद्याच्या रोजच्या कामाला पहिल्यांदा संगणक जुंपला तो इंग्लंडातल्या लायन्स नावाच्या चहाफराळाच्या कंपनीनं, १९५१ साली. त्याचं नाव लिओ. पाव-केक किती भाजले आणि त्यांना खर्च किती आला, हे हिशेब तो करू लागला. ध्यानात घ्या, सुरुवात झाली ती पाव-बिस्किटांच्या हिशेबानं! आपल्या विडीच्या पासबुकापेक्षा त्याचं काम काही जगावेगळं नव्हतं.

संगणकानं नवीन काय केलं? एकदा लिहिलेली गोष्ट दहा ठिकाणी वापरता येऊ लागली. हातानं लिहायचं तेव्हा तोच आकडा पासबुकात, वहीत, मजुरीपत्रकात आणि फंडाच्या कागदात चार वेळा उतरवावा लागे आणि चार ठिकाणी चुकण्याची भीती असे. आता एकदा नोंदवला की चारही जागी पोचतो. २०१४ पासून फंडाच्या सभासदाला देशभर एकच क्रमांक मिळतो. मालक बदलला तरी क्रमांक तोच राहतो.

पण मंडळी, सोय जशी धावते तशी चूकही धावते. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्यांचं शहर. एकाच बाईचं नाव एका कागदावर एका तऱ्हेनं आणि दुसऱ्यावर दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलं जातं. कारकून माणूस असेल तर चेहरा पाहून म्हणेल, "अहो, ही तीच बाई, मी ओळखतो हिला." यंत्र चेहऱ्याला भुलत नाही, एका अक्षराचा फरक पडला, तरी ते दोन माणसं समजतं. मग आयुष्यभर वळलेल्या विड्यांचे पैसे एका वेलांटीपाशी अडून बसतात. म्हणून प्रत्येक चांगल्या माहिती प्रणालीत चूक दुरुस्त करायची वाट हवी, आणि ती वाट साध्या माणसाला चालता येईल अशी हवी.

आतापर्यंत आपण माहितीविषयी बोललो. पण धंदा नुसत्या माहितीवर चालत नाही. त्याला जाणतेपण लागतं. पान किती वेळ भिजवायचं हे कोणत्या रकान्यात लिहिलेलं असतं? उन्हाळ्यात पान लवकर वाळून मोडतं आणि पावसाळ्यात तंबाखू ओलावा धरते. वीस वर्षं विड्या वळलेली बाई पानाला बोट लावते आणि सांगते, "हे अजून कच्चं आहे." हे ज्ञान तिच्या बोटांत आहे. ती काम सोडून गेली, की तेही तिच्याबरोबर जातं.

चादरीच्या मागाचं पाहा. नक्षी काढणारा कारागीर गेला, तरी त्यानं पाडलेली भोकं पुठ्ठ्यावर राहतात आणि नक्षी पुन्हा विणता येते. त्याचं ज्ञान वस्तूत उतरलं, म्हणून टिकलं. शहाणे धंदे हाच मार्ग धरतात. कोणत्या मालाबद्दल कसली तक्रार आली आणि ती कशी मिटली, याची वही ठेवतात. उत्तम मालाचा नमुना जपून ठेवतात. जुन्या माणसाला नव्या माणसाशेजारी बसवतात. आणि जे लिहिता येत नाही, त्यासाठी निदान कोणाला विचारावं, त्याचं नाव लिहून ठेवतात.

एक गोष्ट मध्येच सांगतो. विडी ओढणाऱ्याच्या छातीला ती घातक आहे, आणि वळणारीलाही तंबाखूच्या धुळीचा त्रास होतो. त्यात शंका नाही. उद्या हा धंदा आटला, तर या बायांना दुसरं काम लागेल. तेव्हासुद्धा कोण किती वर्षं राबलं याचा पुरावा लागेलच. वही म्हणूनच महत्त्वाची.

शिक्षक मित्रहो, तुमच्या शाळेतही अशी एक प्रणाली रोज चालते : पोषण आहाराची नोंदवही. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला शंभर ग्रॅम तांदूळ. आज चौऱ्याऐंशी मुलं हजर, म्हणजे आठ किलो चारशे ग्रॅम. शिल्लक साठ किलो असेल तर सात दिवस नीट जातील. आठव्या दिवसाला तांदूळ पुरणार नाही. हा हिशेब वरच्या वर्गातल्या मुलांकडून करवून घ्या. हजेरी, खर्च आणि शिल्लक हे तीन आकडे एकमेकांना कसे पकडतात, ते त्यांना दिसू द्या. मग कोणी मुलगा विचारील, "गुरुजी, हजेरी खोटी लिहिली तर?" या प्रश्नाला पूर्ण तासिका द्या. माहितीशास्त्राचा सर्वांत मोठा धडा त्याच प्रश्नात आहे.

शेवटचा मुद्दा. नोंद मालकाच्या वहीत असते, पण तिच्यात जीव कामगाराचा गुंतलेला असतो. म्हणून तिची एक प्रत कामगाराच्या हाती हवीच. जिच्याजवळ पासबुक आहे, ती विचारू शकते. जिच्याजवळ काही नाही, तिला सांगतील ते मान्य करावं लागतं.

तेव्हा माझ्या भगिनींनो, पासबुक ट्रंकेत नीट ठेवा. पाऊसपाण्यापासून जपा आणि त्याची छायाप्रत काढून ठेवा. आपलं नाव प्रत्येक कागदावर सारखंच लिहिलं आहे ना, ते मुलाकडून किंवा मुलीकडून वाचून घ्या. फंडाच्या खात्यात पैसे भरले जातात का, हे आता मोबाईलवरही पाहता येतं. महिन्याकाठी एकदा पाहत चला. दूध सोसायटीत दूध घालणाऱ्या, कारखान्याला ऊस देणाऱ्या शेतकरी बंधूंनाही हेच सांगणं आहे. पावती मागून घ्या, वाचा आणि मगच खिशात ठेवा.

कुंभारीच्या त्या दहा हजार घरांपैकी कोणत्याही घराची किल्ली हाती घेतली, तर ती लोखंडाची दिसेल. पण ती घडवली आहे रोजच्या पाच आकड्यांनी.