कुलूपबंद हशा

‘ऐकू येणारा पडदा’ : भाग ६

गेल्या आठवड्यात पावलांचे, कुरकुरणाऱ्या दारांचे आणि पावसाचे आवाज स्टुडिओत कसे तयार होतात ते पाहिलं. त्या आवाजांबद्दल कुणी तक्रार करत नाही. नारळाच्या करवंट्या आपटून काढलेल्या घोड्याच्या टापा आपण निमूट ऐकतो. पण विनोदी मालिकेत समोर कुणी बसलेलं दिसत नसताना हशा पिकला, की आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. टीव्हीवरच्या साऱ्या बनावट आवाजांत सर्वांत जास्त शिव्या खाल्ल्या त्या या हशाने. माझ्या मते त्यातल्या निम्म्या तरी चुकीच्या पत्त्यावर गेल्या.

गोष्ट टीव्हीच्या आधी, रेडिओपासून सुरू होते. अमेरिकेतले रेडिओवरचे विनोदी कार्यक्रम स्टुडिओत जमलेल्या प्रेक्षकांसमोर थेट होत, त्यामुळे घरी बसलेल्या श्रोत्याला हशाची सवय होतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर जॅक मलिन या अभियंत्याने जर्मनीतून चुंबकीय टेपची ध्वनिमुद्रण यंत्रं अमेरिकेत आणली आणि १९४७ मध्ये गायक बिंग क्रॉस्बीचा कार्यक्रम टेपवर मुद्रित होऊ लागला. टेप कापता येते, जोडता येते. मलिन सांगत असे, की एकदा एका विनोदवीराने स्टुडिओत असे काही चावट किस्से सांगितले, की लोक पोट धरून हसले. किस्से प्रसारित करण्याजोगे नव्हते, ते कापून टाकले. हशा मात्र जपून ठेवला. काही आठवड्यांनी एक कार्यक्रम फारच फिका झाला, तेव्हा तो साठवलेला हशा काढून तिथे जोडला.

टीव्हीवर हा प्रकार पहिल्यांदा झाला तो १९५० मध्ये, एनबीसी वाहिनीच्या ‘द हँक मॅक्यून शो’मध्ये. ही मालिका प्रेक्षकांविना, एका कॅमेऱ्यावर चित्रपटासारखी चित्रित होत असे आणि हसण्याची जागा रिकामी राही. ती रेकॉर्डने भरली. मालिका आज कुणाला आठवत नाही.

उलटा रस्ता १९५१ मध्ये ‘आय लव्ह लुसी’ने धरला. तीन कॅमेरे, फिल्मवर चित्रीकरण आणि समोर खुर्च्यांवर बसलेले खरेखुरे प्रेक्षक. छायाचित्रणाला कार्ल फ्रॉइंड, म्हणजे मूक चित्रपटांच्या काळात बर्लिनमध्ये नाव कमावलेला माणूस. नायिका ल्युसिल बॉलच्या आई डीडी चित्रीकरणाला हजर असायच्या. लेक एखाद्या भानगडीत पाय घालते आहे असं दिसलं, की त्यांच्या तोंडून निघणारा ‘अरे बापरे’ छापाचा उद्गार ध्वनिमुद्रणात उतरे. जुने भाग लक्ष देऊन ऐकले तर तो सापडतो. हा हशा अस्सल, यावर कुणाचं दुमत नसावं.

पण खऱ्या प्रेक्षकांची अडचण त्यांना कामाला लावल्यावरच कळते. नट वाक्य विसरला, दृश्य पुन्हा घेतलं, की तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकून कोण हसणार? तिसऱ्या टेकला तर सन्नाटा. एखाद्या फुटकळ वाक्यावर उगाच मोठा हशा होतो आणि पुढचं महत्त्वाचं वाक्य त्यात बुडतं. वेगवेगळे टेक जोडताना हशे मध्येच तुटतात. कुठे वाढवायचे, कुठे कमी करायचे, कुठे दोन हशांचा सांधा बेमालूम जुळवायचा. या डागडुजीसाठी सीबीएसमधल्या एका तंत्रज्ञाने यंत्र बनवलं.

चार्ली डग्लस. जन्म १९१०, मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात. युद्धात अमेरिकी नौदलासाठी रडारचं काम केलेला विद्युत अभियंता. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने तयार केलेल्या यंत्राला धंद्यातले लोक ‘लाफ बॉक्स’ म्हणत. आत टेपची ३२ वेटोळी, प्रत्येकावर १० हशे एकापुढे एक जोडलेले, म्हणजे एकूण ३२०. बाहेर टाइपरायटरसारख्या कळा आणि खाली पायाने दाबायचं पेडल. कळेने हशाची जात निवडायची : बायकांचं खुदखुदणं, एकट्या पुरुषाचं गडगडाटी हसणं, सभागृहभर पसरत जाणारी खसखस. पेडलने तो किती वेळ चालू द्यायचा आणि कसा विरू द्यायचा ते ठरवायचं. यातले बरेच हशे विनोदवीर रेड स्केल्टनच्या कार्यक्रमातल्या मूकाभिनयाच्या प्रवेशांतून घेतलेले होते, असं सांगतात. कारण उघड आहे, तिथे हसण्यावर कुणाचे संवाद चढलेले नसत.

पेटीला कुलूप असे. डग्लस ती चाकांवर ढकलत संकलनाच्या खोलीत आणे, निर्माता बोट दाखवी तिथे कळा दाबी, काम संपलं की कुलूप लावून निघून जाई. आत काय आहे ते बाहेरच्या माणसाला दिसू नये याची त्याने आयुष्यभर काळजी घेतली. साठच्या दशकात अमेरिकन विनोदी मालिकांचा बहुतेक हशा या एका माणसाच्या आणि त्याच्या मोजक्या मदतनिसांच्या हातून जात होता. ‘द फ्लिंटस्टोन्स’सारख्या कार्टूनलाही हशा होता! पाषाणयुगातली चित्रं स्टुडिओत प्रेक्षकांसमोर अभिनय करताहेत, ही कल्पनाही तेव्हा कुणाला खटकली नाही.

डग्लसला फसवणूक करणारा म्हणणं मला पटत नाही. तो साथीदार होता. चांगला पेटीवाला गायकाच्या जागा ओळखून मागे राहतो, तसं त्याचं उत्तम काम ऐकूच येत नसे. विनोदाचा शेवटचा शब्द पडण्याआधी एकदोघे हसतात, मग बाकीचे सामील होतात आणि हशा ओसरता ओसरता नट पुढचं वाक्य उचलतो. हा क्रम त्याला पक्का माहीत होता. वाईट वाजवणारे पुढे पुष्कळ आले. दर तिसऱ्या वाक्याला तोच ठोकळेबाज गडगडाट घालण्याची सवय त्यांची.

फसवणुकीचा आरोप मात्र एकदा अधिकृतपणे झाला. १९५९ मध्ये अमेरिकेत टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषांचे निकाल आधीच ठरवलेले असतात हे उघड झालं आणि गदारोळ उठला. सीबीएसचे अध्यक्ष फ्रँक स्टँटन यांनी त्या भरात यांत्रिक हशावरही रोख धरला. थोडे दिवस पथ्य पाळलं गेलं. मग हशा गुपचूप परत आला, कारण निर्मात्यांना त्याशिवाय आपल्याच मालिका केविलवाण्या वाटू लागल्या होत्या.

हशाशी सर्वांत मनोरंजक भांडण झालं ते ‘मॅश’चं. कोरियन युद्धातल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयाची ही विनोदी मालिका सीबीएसवर १९७२ ते १९८३ चालली. मालिकेला आकार देणारे लेखक लॅरी गेलबार्ट यांना हशा मुळीच नको होता. वाहिनीला हवाच होता. शेवटी तडजोड झाली : छावणीत, तंबूत, मेसमध्ये हशा चालेल, शस्त्रक्रियेच्या खोलीत नाही. डॉक्टर टाके घालता घालता एकमेकांची थट्टा करतात आणि त्यावर कुणीच हसत नाही. पुढच्या वर्षांत हशा हळूहळू दबका होत गेला, शेवटच्या भागात तर नव्हताच. ब्रिटनमध्ये बीबीसीने ही मालिका हशाविना दाखवली. तिथल्या प्रेक्षकांनी पाहिली ती जवळजवळ वेगळीच, जास्त कडवट मालिका. डीव्हीडी आली तेव्हा दोन्ही पर्याय दिले होते.

आता एक गैरसमज. ‘फ्रेंड्स’ किंवा ‘द बिग बँग थिअरी’मधला हशा डबाबंद आहे असं सर्रास म्हटलं जातं. दोन्ही मालिका प्रेक्षकांसमोर चित्रित झाल्या. ‘फ्रेंड्स’च्या चित्रीकरणात एखादा विनोद पडला, तर लेखक तिथल्या तिथे नवीन वाक्य लिहून देत. लंडनच्या भागात चँडलरच्या पांघरुणातून मोनिका वर आली, तेव्हा प्रेक्षकांचा गलका थांबेना. अर्थात हा हशाही संकलनात ठाकठीक केलेला असतो. आणि डग्लसच्या पेटीतला हशाही कधीतरी, कशावर तरी खरोखर हसलेल्या माणसांचाच होता. खऱ्याखोट्याची रेघ वाटते तितकी ठळक नाही. ‘हाऊ आय मेट युवर मदर’ने तर मधला मार्ग काढला : चित्रीकरण प्रेक्षकांविना, मग तयार भाग प्रेक्षकांना दाखवून त्यांचा हशा मुद्रित.

हसणाऱ्यांच्या संगतीत हसू येतं हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, पण त्यांनी काही बारकावे दाखवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या सोफी स्कॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुद्दाम निवडलेले ४० पांचट विनोद लोकांना ऐकवले. मागे हशा जोडला की तेच विनोद जास्त गमतीदार वाटले. उत्स्फूर्त हसण्याचा परिणाम ओढूनताणून हसण्यापेक्षा अधिक होता. दुसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या ला ट्रोब विद्यापीठाचा, २००५ चा. विद्यार्थ्यांना विनोदी ध्वनिफीत ऐकवली. हसणारे आपल्याच विद्यापीठातले आहेत असं वाटलं तेव्हा विद्यार्थीही हसले. ते एका न आवडणाऱ्या राजकीय पक्षाचे समर्थक आहेत असं सांगितल्यावर त्याच हशाचा प्रभाव गळून गेला. म्हणजे हशा आपल्याला आदेश देत नाही. आपल्या माणसांनी हसावं लागतं.

हे आपल्याकडच्या कार्यक्रमांनी प्रयोगाशिवाय ओळखलं. २००५ च्या ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’मध्ये नवज्योतसिंग सिद्धूचं परीक्षकाच्या खुर्चीतलं हसणं स्पर्धकांइतकंच गाजलं. ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’त प्रसाद ओक आणि सई ताम्हणकर हसतात, तेव्हा कॅमेरा त्यांच्याकडे वळतो. अनोळखी हशाच्या जागी ओळखीचा चेहरा आला. कधीकधी तेही जरा जास्त होतं, पण निदान कोण हसतंय ते दिसतं.

इंटरनेटवर ‘फ्रेंड्स’मधली दृश्यं हशा काढून फिरत असतात. पात्रं वाक्य बोलून शून्यात बघत थांबतात आणि वेडसर दिसतात. बघा, यात विनोद नव्हताच, असा निष्कर्ष काढतात. हा न्याय नाही. रंगमंचावरचा नट लाफ्टरसाठी थांबतोच. आपल्या कुठल्याही फार्साच्या चित्रफितीतून प्रेक्षक पुसून टाका, तोही असाच खुळा दिसेल. उलट ‘द ऑफिस’सारख्या मालिकांनी हशा सोडला, तेव्हा तो थांबा भरायला नवी गोष्ट शोधावी लागली : पात्राने कॅमेऱ्याकडे टाकलेला ओशाळा कटाक्ष.

डग्लस २००३ मध्ये वारला. त्याच्या आदल्या दशकात, १९९२ मध्ये, त्याला तांत्रिक कामगिरीसाठी एमी मिळाली होती. विनोदी मालिकांतला पेरलेला हशा आता ओसरला आहे, पण डग्लसचा धंदा २०२० मध्ये अनपेक्षित ठिकाणी परतला. कोविडमुळे मैदानं रिकामी होती. इंग्लंडच्या प्रीमिअर लीगच्या प्रक्षेपणात व्हिडिओ गेमसाठी मुद्रित केलेला गर्दीचा आवाज मिसळला आणि नको असेल त्याला तो बंद करण्याची सोय दिली. अमिरातीत झालेल्या आयपीएललाही मुद्रित जल्लोष होता. अशा ठिकाणी कळा दाबणाऱ्याची अवस्था डग्लसपेक्षा अवघड. डग्लससमोर चित्रित झालेला विनोद असे आणि चुकलं तर परत फिरवता येई. उंच उडालेला चेंडू सीमारेषेवर झेलला जाणार की पलीकडे पडणार, हे या माणसाला आपल्याइतकंच माहीत.