संगणक अडला तर उसाचा हिशेब कुठे जातो?



काट्यावर गाडी आली, वजन झाले, पावती हाती पडली की आपण निर्धास्त होतो. पण पुढचा सगळा हिशेब संगणकात चालतो. वजन, कपात, सोसायटीची वसुली आणि शेवटी बिल, सारे तिथेच जुळते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात. संगणक अडला म्हणून हे चौदा दिवस थांबत नाहीत. तेव्हा तो पुन्हा उभा कसा करतात, हे सभासदांनाही ठाऊक असावे असे आम्हांस वाटते.

संगणक बिघडला की पुष्कळदा पहिला उपाय करतात तो ‘सिस्टिम रिस्टोर’चा. बिघाडापूर्वी यंत्रणा जशी होती, तशी ती मागे नेण्याची ही सोय विंडोजमध्ये २००० सालापासून आहे. पण मागे जाते ती यंत्रणा. हिशेबाची हरवलेली फाइल शोधून आणणे हे तिचे काम नव्हे. त्यातून काम चालू असता मधेच वीज गेली, तर अर्धे जुने, अर्धे नवे असे कडबोळे होते आणि संगणक सुरूच होत नाही.

मग काय करायचं? घाई करायची नाही. विंडोजच्या दुरुस्तीच्या पडद्यावरून आधीची दुसरी तारीख निवडून पाहावी. तेही जमले नाही, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि फाइली उतरवून घ्याव्यात. डिस्कला कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली लागते; ती कागदावर लिहून तिजोरीत हवी. त्यानंतरच यंत्रणा नव्याने बसवावी, हिशेबाचा प्रोग्राम घालावा आणि शेवटी राखीव प्रतीवरून, म्हणजे बॅकअपवरून, नोंदी परत आणाव्यात. समजा प्रत मंगळवारी रात्रीची आहे आणि बिघाड गुरुवारी दुपारी झाला. मधल्या दीड दिवसाच्या नोंदी काट्याच्या पावत्यांवरूनच भराव्या लागतात. एकूण टनेज काट्याच्या रजिस्टरशी जुळले, की मगच बिल काढायचे.

राखीव प्रत ठेवायची कुठे, हाही प्रश्नच आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या घातक प्रोग्रामने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे संगणक बंद पाडले. उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले त्यांच्या गटाचे टर्मिनलही अडले. कोणाला कुठे प्रवेश द्यायचा हे ठरवणारे कंपनीचे सुमारे दीडशे मुख्य संगणक होते. ते सारे एकमेकांशी जोडलेले. एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब होता. पण एका फटक्यात जवळपास सगळेच गेले. वाचला फक्त आफ्रिकेतल्या घाना देशातला एक, आणि तोही त्या वेळी तिथली वीज गेली होती म्हणून! त्याची डिस्क माणसांकरवी विमानाने इंग्लंडला नेली. तिच्या आधारावर दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

आपल्याला तर हे लगेच समजेल. काणी लागलेल्या फडातलं बेणं कितीही साठवलं तरी उपयोग काय? बेणे मळा वेगळाच हवा. तसेच प्रती तीन असाव्यात, दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी कारखान्याबाहेर असावी. प्रत काढून झाली की तिची जोडणी सोडवून ठेवावी. शिवाय अधूनमधून ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. बेण्याची उगवण आपण तपासतोच ना?

सभासदांनी करायचे ते सोपे आहे. बिल हाती येऊन ताळा होईपर्यंत काट्याची एकही पावती टाकू नका. अडचणीच्या वेळी तीच कामी येते. आणि वार्षिक सभेत उभे राहून तीन प्रश्न जरूर विचारा: शेवटची राखीव प्रत केव्हा काढली, ती कुठे ठेवली आहे आणि उघडून कधी पाहिली? हिशेब आपला आहे, विचारायचा हक्कही आपलाच.