पाणी आले, निचरा राहिला

समुद्राच्या उधाणाने शेते खारावतात, हे कोकणाला ठाऊक आहे. परंतु समुद्रापासून दूर, पर्जन्यछायेत वसलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यातही जमिनीतील क्षार वाढतात आणि तेथे ते सिंचनाच्या गोड्या पाण्यातूनच येतात. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाच्या पाण्यावर प्रवरेच्या कालव्यांलगत ऊस उभा राहिला आणि दुष्काळी पट्ट्याचे अर्थकारण पालटले. मात्र पाणी आणण्याची जेवढी काळजी घेतली गेली, तेवढी ते बाहेर काढण्याची घेतली गेली नाही.

एका लिटर पाण्यात केवळ २०० मिलिग्रॅम क्षार धरले आणि उसाच्या एका हेक्टरला वर्षभरात २०,००० घनमीटर पाणी दिले, तरी त्या शेतात ४ टन क्षार येऊन पडतात. पीक पाणी शोषते, उन्हाने पाण्याची वाफ होते आणि क्षार बहुतांशी मागे राहतात. भूजल वर आले की ते मातीच्या सूक्ष्म पोकळ्यांतून केशाकर्षणाने, म्हणजे वातीतून तेल चढावे तसे, पृष्ठभागाकडे चढते आणि तेथे पांढरा थर सोडते.

मातीच्या अर्काची विद्युतवाहकता ४ डेसिसायमन प्रति मीटरहून अधिक असलेल्या जमिनीस क्षारयुक्त किंवा खारवट म्हणतात; चिकणमातीच्या कणांना चिकटलेल्या धनभारित मूलद्रव्यांत सोडियमचा वाटा १५ टक्क्यांहून अधिक झाला, की कण सुटे होतात, पाणी मुरेनासे होते आणि जमीन चोपण बनते. चोपण जमिनीत जिप्सम घातल्यास त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते, धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक गाडल्याने मातीची घडण सुधारते. परंतु सुटलेला सोडियम वाहून जाण्यास चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ्या नसतील, तर हा खर्च वाया जातो.

वाढत्या तापमानाने बाष्पीभवन वाढते आणि थोड्या वेळात कोसळणाऱ्या पावसाने सखल शेतांत पाणी तुंबते, त्यामुळे हवामानबदलाच्या काळात हा प्रश्न अधिक बिकट होणार आहे. ठिबक सिंचनाने पाण्याची आणि त्याबरोबर क्षारांची आवक घटते, तरी साचलेले क्षार अधूनमधून धुवून काढावेच लागतात. एका शेतातील चर शेजारच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्यावा लागत असल्याने हे काम एकट्या शेतकऱ्याचे राहत नाही. म्हणून पाणीवाटपाचे नियोजन करताना गावाने निचऱ्याची वाटही त्याच बैठकीत ठरवली पाहिजे आणि नव्या सिंचन योजनेच्या खर्चात ती पहिल्यापासून धरली पाहिजे.