चूर्णापासून घडविलेले अगंज पोलाद : बळ आणि गंजरोध

घरोघरी वापरात असलेल्या भांड्यांमुळे स्टेनलेस स्टील, अर्थात अगंज पोलाद, कधीच गंजत नाही असा समज रूढ झाला आहे. तो सर्वस्वी खरा नाही. या पोलादातील क्रोमियम प्राणवायूशी संयोग पावून पृष्ठावर अतिशय पातळ, अदृश्य असा थर निर्माण करते. ओरखडा उठला तरी प्राणवायू मिळत असल्यास तो थर पुन्हा भरून येतो. पोलादाचे अगंजपण या थरावरच अवलंबून असते.

मोटारींचे काही लहान सुटे भाग, औद्योगिक गाळण्या अशा वस्तू पोलादाच्या चूर्णापासूनही बनवितात. साच्यात दाबलेले चूर्ण सुमारे ११२० ते १३५० अंश सेल्सिअसपर्यंत, न वितळविता, तापविले की कण एकमेकांशी सांधले जातात. या क्रियेस तापपिंडन किंवा कारखान्यातील भाषेत सिंटरिंग म्हणतात. यात धातू फारसा वाया जात नाही. मात्र कणांमध्ये छिद्रे उरतात. अखंड पोलादाची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे ८ ग्रॅम, तर अशा सुट्या भागांची बहुधा ६.४ ते ६.९ ग्रॅम असते. छिद्रांमुळे बळ घटते, हे उघडच आहे. शिवाय अरुंद छिद्रांत शिरलेले खारे पाणी तेथेच साचून राहते, त्यातील प्राणवायू संपतो आणि तुटलेला संरक्षक थर भरून येत नाही.

खरी मेख भट्टीतील वायूत आहे. अमोनियाचे विघटन करून मिळणारे, तीन भाग हायड्रोजन व एक भाग नायट्रोजन यांचे मिश्रण शुद्ध हायड्रोजनपेक्षा स्वस्त पडते. नायट्रोजन पोलादात शिरून त्याचे बळ वाढवितो आणि ताण-चाचणीत अशी वस्तू सरस ठरते. परंतु ती सावकाश थंड झाली तर तोच नायट्रोजन क्रोमियमला बांधून ठेवतो. लगतच्या धातूत क्रोमियम उणे पडते आणि गंज तेथूनच सुरू होतो. चूर्णात मिसळलेले वंगण पुरते निघून न गेल्यास त्यातून उरलेला कार्बनही हेच करतो. म्हणून उत्तम प्रतीच्या मालात कार्बन ०.०३ टक्क्याच्या आत राखतात. शुद्ध हायड्रोजनात किंवा निर्वात भट्टीत तापविलेली वस्तू तुलनेने मऊ, पण गंजापुढे अधिक टिकाऊ निघते.

साध्या लोखंडाच्या चूर्णाचे थोडे कण मिसळले तरी तांबूस डाग उमटतात. त्यामुळे जाणते कारखानदार दोन्ही चूर्णांचे काम वेगवेगळ्या जागी करतात. खरेदीच्या निविदेत केवळ बळाचा आकडा मागितला, तर नायट्रोजनने बळावलेला माल पुढे येण्याचा संभव अधिक. कोकण किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत वापरावयाच्या वस्तूंसाठी घनता, कार्बन व नायट्रोजन यांचे प्रमाण, भट्टीतील वायू आणि ५ टक्के मिठाच्या द्रावणात नमुना बुडवून घेतलेल्या चाचणीचा निकाल, हा तपशीलही मागविणे आवश्यक ठरते.