आकाशाची तोंडओळख – भाग ७ : पाचशे फुटांच्या आतला निर्णय

गेल्या आठवड्यात आपण स्टॉल म्हणजे काय ते पाहिलं. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन प्रमाणाबाहेर वाढला, की पंखावरचा प्रवाह विस्कटतो आणि विमानाला उचलून धरणारं बळ एकदम घटतं. ते नीट लक्षात असू द्या, कारण आज त्याची पदोपदी गरज लागणार आहे. छोटं, एका इंजिनाचं विमान. टेकऑफ झालाय, धावपट्टी मागे पडलीय, उंची जेमतेम तीनशे-चारशे फूट. आणि इंजिन बंद पडतं.

५ मार्च २०१५ रोजी अभिनेता हॅरिसन फोर्ड यांच्यावर हीच वेळ आली. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून ते एकटेच निघाले होते. विमान रायन कंपनीचं, १९४२ सालचं, दुसऱ्या महायुद्धात शिकाऊ वैमानिकांसाठी वापरात असलेलं. फोर्ड यांचा जन्मही १९४२ चाच. टेकऑफनंतर थोड्याच वेळात इंजिन गेलं. परत येतोय असं त्यांनी टॉवरला कळवलं आणि विमान डावीकडे वळवायला घेतलं. धावपट्टीपर्यंत पोचणार नाही हे लक्षात येताच त्यांनी तो नाद सोडला आणि जवळचं गोल्फचं मैदान धरलं. एका झाडाचा शेंडा घासून विमान मैदानावर आदळलं. ते जबर जखमी झाले, पण वाचले, आणि खाली कोणालाही इजा झाली नाही. कार्ब्युरेटरमधला एक जेट (पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) सैल होऊन जागेवरून सुटला होता, त्यामुळे इंजिनात प्रमाणापेक्षा जास्त पेट्रोल जात होतं, असं चौकशीत निघालं. माझ्या मते त्या दुपारचं खरं कौशल्य धावपट्टीचा मोह वेळेवर सोडण्यात होतं. तो न सुटल्यामुळे जीव गमावलेल्या वैमानिकांची यादी फार लांब आहे.

मोह का होतो ते समजण्यासारखं आहे. नुकतीच सोडलेली लांबरुंद, सपाट धावपट्टी पाठीमागे अगदी जवळ असते. समोर मात्र घरं, तारा, झाडं, शेतं. पण आधी विमानाचं काय होतं ते पाहू. चढताना नाक वर असतं आणि वेग इंजिनाच्या जोरावर टिकलेला असतो. घाट चढताना पायडल मारणं थांबवलं की सायकल जशी दोन क्षणांत मंदावते, तसा विमानाचा वेग झपाट्याने उतरतो. त्यात माणूस दचकतो. ‘हे खरंच होतंय का’ या विचारात तीन-चार सेकंद जातात. म्हणून पहिली कृती एकच: योक, म्हणजे समोरचं स्टिअरिंग, पुढे ढकलून नाक खाली. जमीन जवळ दिसत असताना नाक आणखी जमिनीकडे करायला मन धजत नाही, हात उलट योक मागे ओढू पाहतात. प्रशिक्षणाचा निम्मा भर या एका हालचालीवर असायला हवा.

नाक खाली गेलं की विमान दगडासारखं पडत नाही, घसरत जातं. सेस्ना १७२ हे जगभरच्या फ्लाइंग स्कूलमधलं नेहमीचं विमान एक फूट उंचीच्या बदल्यात साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे पाचशे फुटांवरून, वारा नसेल तर, चाळीसेक सेकंद आणि सव्वा किलोमीटरहून थोडं जास्त अंतर हाताशी असतं. पण सरळ रेषेत.

आता वळण्याचा हिशेब. अमेरिकेच्या एफएए या नियामक संस्थेच्या उड्डाणविषयक हँडबुकात तो मांडलेला आहे. उंची ३०० फूट. दचकण्यात ४ सेकंद गेले. नेहमीच्या सावध गतीने, सेकंदाला ३ अंश, वळायला घेतलं. १८० अंश वळून झाल्यावर विमान धावपट्टीच्या रेषेत नसतंच. ते ४,२०० फूट बाजूला गेलेलं असतं. तिच्याकडे यायला आणखी ४५ अंश वळायचं. असे २२५ अंश, ७५ सेकंद, आणि दचकण्यातले ४ धरून ७९. मिनिटाला हजार फूट या दराने तोवर विमान १,३१६ फूट उतरलेलं असेल. उंची मुळात ३०० होती.

मग जोरात वळू, असं कोणीही म्हणेल. तिथेच घात होतो. विमान जितकं जास्त कलतं, तितका पंखांवरचा भार वाढतो आणि स्टॉलचा वेगही. नव्या सेस्ना १७२ चा स्टॉलचा वेग सरळ उड्डाणात, फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर असताना, ४८ नॉट (ताशी सागरी मैल). ४५ अंश कललं की ५७, आणि ६० अंशांना ६८. आणि इंजिनाशिवाय घसरत जाण्याचा तिचा ठरलेला वेगही ६८ नॉटच आहे! धावपट्टी अजून वळणात येत नाही म्हणून पायलट रडर (शेपटीचं उभं सुकाणू) दाबतो, नाक खाली जातंय म्हणून योक ओढतो, आतल्या बाजूचा पंख आधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत कोसळतं. दोन-तीनशे फुटांवर त्यातून सावरायला जागाच उरत नाही.

वाराही विरोधात असतो. टेकऑफ वाऱ्याच्या दिशेला तोंड करून होतो, त्यामुळे परतताना तोच वारा पाठीमागून ढकलतो. ५५ नॉटने टेकणारं विमान १० नॉटच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीच्या हिशेबाने ४५ ने टेकतं, पाठीमागच्या वाऱ्यात ६५ ने. आदळण्याची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे दुपटीहून जास्त. त्याच हँडबुकातला आणखी एक आकडा मला फार बोलका वाटतो. ताशी ५० मैलांच्या वेगाने जाणारं विमान ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या धक्क्याने एकसारखं थांबवायला साडेनऊ फूट पुरतात. ताशी १०० मैलांना साडेसदतीस लागतात. म्हणजे ताब्यात असलेलं, हळू जाणारं विमान उसाच्या फडात किंवा झुडपांत घातलं, तर पंख मोडतील, चाकं जातील, पण बांधलेल्या पट्ट्यांमधली माणसं वाचू शकतात. विमान वाचवायचा विचार तिथे सोडून द्यायचा.

नाक खाली घेऊन समोरच्या टप्प्यात, डावी-उजवीकडे थोडं वळून, बरी जागा निवडली की वेळ उरल्यास उरलेली कामं: मिक्श्चर (इंजिनात जाणाऱ्या पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा दांडा) बंद, पेट्रोलचा व्हॉल्व्ह बंद, मॅग्नेटो (ठिणगी पाडणारी यंत्रणा) बंद, लागतील तसे फ्लॅप, मग मास्टर स्विच (विजेची मुख्य कळ) बंद. सेस्नाचे फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर शेवटी. आणि दाराची कडी आधीच काढायची, म्हणजे धक्क्याने चौकट वाकली तरी दार अडकत नाही.

मग परत वळणं कधीच शक्य नाही का? उंची पुरेशी असेल तर आहे. वळायचंच असेल तर सुमारे ४५ अंश कलण्यात उंची सर्वांत कमी खर्च होते, हे अमेरिकी नौदल अकादमीतले डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ मध्ये गणिताने दाखवलं. २०१८ मध्ये एफएएनेही प्रशिक्षकांना सुचवलं, की परत कधी वळावं आणि कसं, हे विद्यार्थ्यांना शिकवा. पण ती उंची आपल्या विमानात, इन्स्ट्रक्टरबरोबर, भरपूर वर जाऊन मोजलेली हवी. अंदाजाने ठरवलेली नको.

इंजिन बंद पडण्याची कितीतरी कारणं जमिनीवरच सापडतात. विमानाचं पेट्रोल निळसर असतं, आणि पाणी जड असल्यामुळे टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून उड्डाणाआधी तळातून थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून उजेडात धरतात. खाली रंगहीन थेंब लोळताना दिसला तर पुन्हा काढायचं, तो दिसेनासा होईपर्यंत. यात एक फसगत आहे: कप पूर्ण पाण्यानेच भरला असेल तर थेंब वेगळा दिसत नाही, सगळं स्वच्छच वाटतं. म्हणून रंग आणि वास दोन्ही तपासायचे. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या बाबतीत तर यात कसूर नकोच.

गोंदिया, धुळे, शिरपूर इथे आज आपली मुलंमुली विमान चालवायला शिकत आहेत. तुमच्या घरातलं कोणी त्यांत असेल, तर सुट्टीला आल्यावर एवढं जरूर विचारा: ‘तुझ्या विमानात किती फुटांच्या खाली मागे वळायचं नाही?’ उत्तर आकड्यात आणि लगेच यायला हवं. आलं नाही, तर पुढच्या उड्डाणाआधी तो आकडा इन्स्ट्रक्टरबरोबर बसून ठरवायला सांगा, आणि प्रत्येक टेकऑफच्या आधी मोठ्याने म्हणायलाही.