खेळातला चावा, जखम मात्र खरी

कापूस आणि तूर घरात आली की उंदीरही येतात. म्हणूनच यवतमाळ जिल्ह्यातील नेरसारख्या तालुक्याच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत मांजर हे घरातले जुने बिऱ्हाड. पोत्यांच्या थप्पीवर झोपणारे, चुलीजवळ घुटमळणारे हे मांजर मुलांचे खेळणेही होते. पिल्लू हाताला पंजाने धरते, मागच्या पायांनी लाथा झाडते आणि हळूच दात रोवते. सगळे हसतात. तेच पिल्लू सहा महिन्यांचे झाले की त्याच चाव्यातून रक्त येऊ लागते. मांजर बिघडलेले नसते. हात हे खेळणे आहे, हे त्याला आपणच शिकवलेले असते.

मांजराचा खेळ म्हणजे शिकारीची तालीम. दबा धरणे, झडप घालणे, पकडणे आणि चावणे हा त्याचा क्रम. पिल्ले हा खेळ भावंडांशी खेळतात. जोरात चावले की दुसरे पिल्लू ओरडते आणि खेळ थांबतो. त्यातून दातांना आवर घालणे जमते. डोळे उघडताच आईपासून तोडून आणलेल्या पिल्लाचा हा धडा राहून जातो. त्यामुळे पिल्लू किमान आठ आठवडे आईजवळ राहू द्यावे.

चावण्याची सवय मोडण्यासाठी मारणे किंवा ओरडणे उपयोगाचे नाही. मार खाल्लेले मांजर घाबरते आणि बचावासाठी अधिक जोरात चावते. दात लागताच हात झटक्याने ओढू नये. पळणारी वस्तू पकडणे हा त्याचा स्वभावच आहे. हात स्थिर ठेवावा, खेळ थांबवावा, तिथून उठून जावे. रोज सकाळ-संध्याकाळ काठीला दोरीने बांधलेला चिंध्यांचा बोळा त्याच्यापुढे फिरवावा आणि खेळ संपला की खाऊ घालावे. दोरी मात्र उचलून ठेवावी. मांजराने ती गिळली तर आतड्यात अडकून जिवावर बेतते. कुरवाळताना शेपटी आपटू लागली, कान मागे गेले, पाठीची कातडी थरथरली तर हात काढून घ्यावा. शांत, वयस्क मांजर एकाएकी चावू लागले तर दात किंवा सांधे दुखत असण्याची शक्यता असते. अशा वेळी पशुवैद्यकाला दाखवावे.

एवढे करूनही चावा बसला तर? मांजराचे दात सुईसारखे बारीक असतात. बाहेर टाचणीएवढे भोक दिसते, पण दातांवरचे जंतू खोलवर पोहोचतात. त्यातील पाश्चरेला नावाचा जंतू पुष्कळ मांजरांच्या तोंडात असतो. चाव्यानंतर एका दिवसात बोट सुजून लाल झाले, ठणकू लागले तर उशीर करू नये. हाताच्या सांध्याजवळचा चावा विशेष धोक्याचा.

खरी भीती रेबीजची. भारतात हा रोग मुख्यतः कुत्र्यांमुळे पसरतो, पण त्याची लागण झालेले मांजरही तो माणसाला देऊ शकते. गावातले मांजर रात्रभर बाहेर हिंडते; त्याला कोण चावले, हे घरच्यांना कळत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. लक्षणांआधी योग्य उपचार घेतले तर मात्र हा रोग टाळता येतो.

म्हणून चावा किंवा ओरखडा बसताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट यांपैकी काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. रक्त न आलेल्या ओरखड्यालाही लस लागते. कातडी भेदून चावा बसला असेल तर लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. धनुर्वाताच्या इंजेक्शनाबद्दलही डॉक्टरांना विचारावे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस कधीच संपले. आता कातडीत द्यायची लस पहिल्या, म्हणजे शून्य दिवशी आणि त्यानंतर ३, ७ व २८ व्या दिवशी दंडावर देतात; स्नायूत द्यायची असेल तर १४ व्या दिवशीचा एक डोस वाढतो. मजुरी बुडते म्हणून मधला डोस चुकवू नये.

मांजर घरचे असेल तर दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवावे, पण ते दहा दिवस संपेपर्यंत उपचारांसाठी थांबू नये. मांजर धडधाकट राहिले तर पुढच्या डोसांचा निर्णय डॉक्टर घेतील. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की त्याला रेबीजची लस टोचून घ्यावी आणि पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील तेव्हा द्यावेत.

मुलांना एक गोष्ट आवर्जून सांगावी: मांजर चावले तर लपवायचे नाही. रागावतील या भीतीने मूल गप्प बसते आणि उपचारांची वेळ टळते. मांजराशी खेळल्याबद्दल मुलाला बोलणी बसणार नाहीत, एवढा भरवसा घराने दिला तरी पुष्कळ झाले.