फोनवरून घेतलेल्या औषधाने गुण आला नाही, तर पुढे काय?

रायपूर : फोनवरून किंवा व्हिडिओवरून डॉक्टरांचा सल्ला घेतला, सांगितलेली औषधे वेळेवर घेतली, तरीही ताप हटत नाही किंवा खोकला थांबत नाही. अशा वेळी जुनीच चिठ्ठी दाखवून पुन्हा तेच औषध आणणे, हा उपाय नव्हे. गुण न येणे हीसुद्धा डॉक्टरांपर्यंत पोहोचायला हवी अशी माहिती असते. तिच्यामुळे निदानाची दिशा बदलू शकते.

रायपूरच्या शंकर नगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी कुटुंबाचे नेहमीचे डॉक्टर सुमारे 300 किलोमीटरवरील नागपुरात असले, तरी दोन राज्यांची सीमा या सल्ल्याच्या आड येत नाही. 25 मार्च 2020 रोजी जारी झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागातील रुग्णाला सल्ला देऊ शकतात.

मात्र याच तत्त्वांत पहिला सल्ला आणि फेरसल्ला यांत भेद केला आहे. प्रत्यक्ष तपासणीनंतर सहा महिन्यांच्या आत, त्याच डॉक्टरांकडून आणि त्याच आजारासाठी घेतलेला सल्ला फेरसल्ला मानला जातो. मुदत उलटली किंवा त्या आजाराशी संबंध नसलेली लक्षणे दिसू लागली, तर तो पहिला सल्ला ठरतो. कोणती औषधे लिहून देता येतील, हेही त्यावर अवलंबून असते. काही औषधे पहिल्या वेळी रुग्णाला व्हिडिओवर पाहूनच देता येतात, तर काही केवळ फेरसल्ल्यात.

फेरसल्ला घेताना ‘बरे वाटत नाही’ एवढे सांगून भागत नाही. औषध किती दिवस घेतले, एखादी मात्रा चुकली का, ताप केव्हा व किती होता, नवे लक्षण कोणते, अन्य कोणती औषधे चालू आहेत, हे लिहून ठेवावे. ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेत दर वेळी तेच डॉक्टर भेटतील असे नाही. त्यामुळे आधीची चिठ्ठी आणि तपासण्यांचे अहवाल हाताशी असणे अधिकच आवश्यक ठरते. प्रतिजैविके स्वतःहून बदलू अथवा वाढवू नयेत.

पोट दाबून किंवा छाती तपासून जे कळते, ते पडद्यावर कळत नाही. म्हणूनच दूरस्थ सल्ला थांबवून प्रत्यक्ष तपासणीचा मार्ग धरण्याची मुभा डॉक्टर आणि रुग्ण दोघांनाही आहे. खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी. डेंग्यूत ताप उतरला म्हणजे धोका टळला असे नसते; तीव्र पोटदुखी, सतत उलट्या, रक्तस्राव ही गंभीर लक्षणे अनेकदा त्याच सुमारास दिसतात.

अशी लक्षणे दिसल्यास, तसेच श्वास लागणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे असे काही घडल्यास पुढच्या व्हिडिओ सल्ल्याची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा थेट रुग्णालय गाठावे.